वाचकांचे प्रश्न : बहुमत आहे की नाही, हे दाखवायचं कोणी?

या वेळी टपालात युरोपातल्या संसदांविषयीचे प्रश्न बरेच आले. जर्मनीत चॅन्सेलरपदाचा (तिथल्या पंतप्रधानपदाचा) उमेदवार पहिल्या फेरीत पडला, फ्रान्समध्ये सरकारं लागोपाठ कोसळली, त्याच्या बातम्यांचा हा परिणाम असावा. पत्रं लावून वाचली तेव्हा निम्म्या प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी असल्याचं दिसलं. पाठीशी बहुमत आहे हे सरकारने दाखवायचं, की नाही हे विरोधकांनी? युरोपात याचं उत्तर देशागणिक बदलतं, आणि ते एकदा कळलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून ते प्रश्न आधी घेतले आहेत, मतमोजणीचे नंतर.

जर्मनीत अविश्वास ठरावाने आजवर एकच सरकार पडलं, असं क्लासमध्ये शिकवतात. मग २०२४ मध्ये शोल्झ यांचं सरकार कसं गेलं? आणि मेर्त्स पहिल्या फेरीत हरूनही चॅन्सेलर कसे झाले?
(स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

क्लासमध्ये शिकवलं ते बरोबर आहे. जर्मन राज्यघटनेत यासाठी कलमं वेगवेगळी आहेत आणि परीक्षेत नेमकी त्यांचीच सरमिसळ होते.

कलम ६७ अविश्वास ठरावाचं. तिथे नुसतं 'आमचा विश्वास नाही' म्हणून भागत नाही, पुढचा चॅन्सेलर कोण त्याचं नाव ठरावातच घालावं लागतं. ठरावावर किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या किंवा तेवढ्या मोठ्या संसदीय गटाच्या सह्या लागतात. ठराव मांडणं आणि मतदान यांत ४८ तास जावे लागतात, मतदान गुप्त असतं आणि बहुमत मोजतात ते सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येवर. सभागृहात त्या दिवशी किती जण हजर आहेत याला महत्त्व नाही. आपल्या लोकसभेत अविश्वास ठराव दाखल करून घ्यायला ५० सदस्य उभे राहावे लागतात, पण निकाल हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमतावर लागतो. दोन्हींतला हा फरक वहीत ठळक लिहून ठेवा.

१९४९ पासून हे कलम दोनदाच वापरलं गेलं. २७ एप्रिल १९७२ ला विली ब्रांट यांच्या जागी राइनर बार्त्सेल यांचं नाव होतं. २४९ मतं हवी होती, पडली २४७. १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल २५६ मतांनी आले, कारण श्मिट यांच्या सोबतचा छोटा पक्ष, एफडीपी, कोल यांच्या बाजूला सरकला होता. वायमार प्रजासत्ताकात (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत) दोन टोकांचे पक्ष सरकार पाडायला एकत्र येत, पण चालवायला नाही. त्या अनुभवातून हे कलम आलं.

शोल्झ गेले ते कलम ६८ मुळे. त्यात चॅन्सेलर स्वतःच विश्वासदर्शक मत मागतो. १६ डिसेंबर २०२४ ला शोल्झ यांच्या बाजूने २०७, विरोधात ३९४ मतं पडली आणि ११६ जण तटस्थ राहिले. असं झालं की चॅन्सेलरच्या प्रस्तावावरून राष्ट्राध्यक्षांना २१ दिवसांत सभागृह विसर्जित करता येतं, आणि विसर्जनानंतर ६० दिवसांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. ती २३ फेब्रुवारी २०२५ ला झाली. शोल्झ यांना हरायचंच होतं, हे उघड आहे. जर्मनीत पंतप्रधानाने सल्ला दिला आणि सभागृह विसर्जित झालं, अशी सोय नाही. लवकर निवडणूक हवी असेल तर याच वाटेने जावं लागतं.

मेर्त्स यांचा प्रश्न कलम ६३ चा. पहिल्या फेरीतला उमेदवार राष्ट्राध्यक्ष सुचवतात, चर्चा होत नाही, मतदान गुप्त. ६३० जणांच्या सभागृहात ३१६ मतं हवीत. ६ मे २०२५ ला आघाडीकडे ३२८ जागा असताना मेर्त्स यांना ३१० मतं पडली. म्हणजे किमान १८ जण आपल्याच माणसाच्या मागे उभे राहिले नाहीत, आणि गुप्त मतदानामुळे ते कोण हे कधीच कळणार नाही. पहिली फेरी फसली की सभागृहाला १४ दिवस मिळतात. त्या मुदतीत कितीही फेऱ्या घेता येतात, पण बहुमत तेवढंच लागतं. मेर्त्स यांनी मुदतीचा पहिलाच दिवस वापरला, दुपारी ३२५ मतं मिळवली. १४ दिवसही फुकट गेले असते तर शेवटची फेरी झाली असती. तिच्यात सर्वाधिक मतं घेणाऱ्याला एकूण संख्येचं बहुमत नसेल, तर त्याला नेमायचं की निवडणूक घ्यायची हे राष्ट्राध्यक्ष सात दिवसांत ठरवतात.

स्वीडनमध्ये ११७ मतं बाजूने आणि १७४ विरोधात पडूनही पंतप्रधान निवडून आल्या, असं वाचलं. छपाईची चूक आहे का?
(निवृत्त शिक्षक, परभणी)

आकडे बरोबर आहेत. २४ नोव्हेंबर २०२१, माग्दालेना आंदेरसॉन. सभागृह ३४९ जणांचं, तटस्थ ५७, गैरहजर १.

तिथे प्रश्नच उलटा विचारतात. सभापती नाव सुचवतात (राजाचा यात १९७५ पासून काही संबंध नाही), आणि त्या नावाला निम्म्याहून अधिक सदस्यांचा स्पष्ट विरोध आहे का, एवढंच मोजतात. विरोधाला १७५ मतं लागतात, पडली १७४. नाव मंजूर. तटस्थ राहणारा तिथे प्रत्यक्षात सरकारला वाट करून देत असतो. त्यामुळे छोट्या पक्षाला 'आम्ही पाठिंबा दिला नाही' असं मतदारांना सांगता येतं आणि सरकारही बनतं.

याचा तोटा त्याच दिवशी दिसला. पंतप्रधान निवडून आल्यावर काही तासांतच विरोधकांचा अर्थसंकल्प मंजूर झाला, ग्रीन पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि आंदेरसॉन यांनी पद सोडलं. २९ नोव्हेंबरला त्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा बाजूने १०१, विरोधात १७३, तटस्थ ७५. बाजूची मतं आधीपेक्षाही कमी आणि तरी पंतप्रधान. सभापतींची चार नावं लागोपाठ फेटाळली गेली, तर मात्र तीन महिन्यांत जादा निवडणूक घ्यावी लागते.

डेन्मार्कमध्ये तर नेमणुकीसाठी मतदानही होत नाही. विरोधात बहुमत जमत नाही तोवर सरकार चालू. अल्पमतातलं सरकार म्हणजे आज ना उद्या पडणारं, ही आपली समजूत त्या देशांत लागू पडत नाही.

फ्रान्सचं कलम ४९.३ म्हणजे पंतप्रधानाच्या एका सहीने कायदा, असं ऐकलं. मग संसद कशाला?
(वकील, धाराशिव)

सही पुरत नाही, खुर्ची पणाला लावावी लागते. ४९ व्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार पंतप्रधान सभागृहात जाहीर करतात की या विधेयकावर सरकारची जबाबदारी ठेवली आहे. त्या क्षणी चर्चा थांबते. पुढच्या २४ तासांत निषेध ठराव (सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव) आला नाही, तर विधेयक मतदानाशिवाय मंजूर झालं असं धरतात. ठराव आणायला सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे ५७७ पैकी ५८ सह्या लागतात. मतदान ठराव दाखल झाल्यापासून ४८ तास उलटल्यावर होतं.

खरी मेख मोजणीत आहे. निषेध ठरावावर फक्त बाजूची मतं नोंदली जातात आणि ती एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक हवीत. जो आला नाही, जो गप्प बसला, तो सरकारच्या खात्यात जमा. स्वीडनचीच युक्ती, पण इथे ती एका विधेयकापुरती आणि सरकारच्या हातात. मार्च २०२३ मध्ये निवृत्तिवेतनाच्या विधेयकावर एलिझाबेथ बोर्न यांनी हे केलं तेव्हा ठरावाला २७८ मतं पडली, हवी होती २८७. नऊ मतांनी सरकार तरलं आणि निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा मजकूर सभागृहाच्या अंतिम मतदानाशिवाय मंजूर ठरला.

२ डिसेंबर २०२४ ला मिशेल बार्निए यांनी सामाजिक सुरक्षेच्या अर्थविधेयकावर तोच डाव टाकला आणि ४ डिसेंबरला ३३१ मतांनी सरकार गेलं. विधेयकही गेलं. निषेध ठरावाने सरकार पडण्याची ही १९६२ नंतरची पहिलीच वेळ. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रांस्वा बायरू पडले ते मात्र ४९.३ मुळे नाही. त्यांनी त्याच कलमाच्या पहिल्या परिच्छेदाखाली स्वतःहून विश्वासमत मागितलं होतं, १९४ विरुद्ध ३६४ असा निकाल लागला.

२००८ च्या दुरुस्तीनंतर हे हत्यार अर्थसंकल्प, सामाजिक सुरक्षेचं अर्थविधेयक आणि अधिवेशनात आणखी एकच विधेयक एवढ्यापुरतं उरलं आहे. वकिलांना तुलना हवी असेल तर ती आपल्या वटहुकमाशी करू नये. वटहुकूम अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर गळून पडतो. ४९.३ खाली झालेला कायदा मात्र कायमचा कायदाच असतो.

बेल्जियम दीड वर्ष सरकारशिवाय राहिलं. मग पगार कोण काढत होतं?
(दुकानदार, जालना)

जुनंच सरकार. १३ जून २०१० च्या निवडणुकीपासून ६ डिसेंबर २०११ पर्यंत, ५४१ दिवस, नवं मंत्रिमंडळ बसलं नव्हतं. खुर्च्या रिकाम्या नव्हत्या, इव्ह लेटर्म यांचं राजीनामा दिलेलं सरकार काळजीवाहू म्हणून बसलं होतं. त्याला रोजची कामं, आधीच सुरू असलेली कामं आणि अगदी तातडीचे निर्णय एवढंच करता येतं. नवी धोरणं नाहीत. नवीन अर्थसंकल्प नसेल तर संसद तात्पुरते बारावे हिस्से मंजूर करते, म्हणजे दर महिन्याला मागच्या वर्षीच्या रकमेचा बारावा भाग. पगार, निवृत्तिवेतन चालू राहतं, नवी योजना तेवढी अडते. त्याच काळात मार्च २०११ मध्ये लीबियातल्या लष्करी कारवाईत बेल्जियमने भाग घेतला. संसदेची मंजुरी घेऊन हा निर्णय काळजीवाहू सरकारनेच घेतला.

एवढा वेळ का लागतो? डचभाषक आणि फ्रेंचभाषक भागांत पक्ष वेगळे आहेत, दोन्हीकडे मतं मागणारे पक्ष जवळपास नाहीत. मंत्रिमंडळात पंतप्रधान वगळता दोन्ही भाषांचे मंत्री समसमान हवेत असं राज्यघटना सांगते. म्हणजे दोन वेगळ्या निवडणुकांतून आलेल्या, एकमेकांच्या मतदारांना उत्तर न देणाऱ्या पक्षांनी एक कार्यक्रम लिहायचा. घोडं तिथे अडतं. शिवाय सरकार ठराविक दिवसांत बनलंच पाहिजे अशी मुदत नाही. स्पेनमध्ये ती आहे. पंतप्रधानपदाच्या पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणी निवडून आलं नाही तर संसद आपोआप विसर्जित होते. तिथे २०१९ मध्ये एप्रिल आणि नोव्हेंबर अशा दोन निवडणुका झाल्या त्या याचमुळे. मुदत असली की निवडणुका वाढतात आणि नसली की वाटाघाटी. आमच्या मते मुदत बरी, निदान मतदाराला पुन्हा बोलता तरी येतं.

युरोपात पक्षांतरबंदी आहे का?
(पत्रकार, बीड)

जवळपास नाही. जर्मन राज्यघटनेचं कलम ३८ सांगतं की खासदार सगळ्या जनतेचे प्रतिनिधी असतात आणि कोणाच्याही आदेशाला बांधील नसतात. ब्रिटनमध्ये ३ सप्टेंबर २०१९ ला बोरिस जॉन्सन बोलत असतानाच त्यांच्या पक्षाचे फिलिप ली सभागृह ओलांडून लिबरल डेमोक्रॅटांच्या बाकावर जाऊन बसले, आणि सरकारचं एका मताचं बहुमत त्या चार पावलांत संपलं. त्यांची खासदारकी तशीच राहिली. अपवाद पोर्तुगालचा. निवडून आल्यावर दुसऱ्या पक्षाचं सदस्यत्व घेतलं तर तिथे जागा जाते. मात्र पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून जात नाही. आपल्या दहाव्या परिशिष्टात (१९८५) व्हिप मोडला तरी जागा जाते, ही गोष्ट युरोपातल्या खासदाराला सांगितली तर त्याला नवल वाटेल.

शिस्त मग येते कुठून? तिकिटातून. यादी पद्धतीत (मत पक्षाच्या यादीला, जागा यादीतल्या क्रमाने) पुढच्या वेळी तिसऱ्या क्रमांकावरून तेराव्यावर ढकललं, की काम झालं.

'डोंट पद्धत' आणि 'सेंट-लाग पद्धत' यांची व्याख्या पुस्तकात आहे, पण जागा कशा वाटतात ते कळत नाही. उदाहरण देऊन सांगा.
(बी.ए. तृतीय वर्ष, अंबाजोगाई)

मराठवाड्यात लोकसभेच्या ८ जागा आहेत. त्या आठ वेगळ्या मतदारसंघांऐवजी आख्खा मराठवाडा हाच एक मतदारसंघ आहे असं धरू. लोक पक्षाच्या यादीला मत देतात. सोयीसाठी एक लाख मतं घेऊ : अ पक्ष ४८,०००, ब ३०,०००, क १४,०००, ड ८,०००. पक्ष आणि आकडे काल्पनिक आहेत, कोणाला लावून बघू नका.

डोंट पद्धतीत (बेल्जियमचे व्हिक्टर डोंट यांच्यावरून हे नाव पडलं) प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३, ४ असं भागत जायचं.

अ : ४८,०००, २४,०००, १६,०००, १२,०००, ९,६००
ब : ३०,०००, १५,०००, १०,०००, ७,५००
क : १४,०००, ७,०००
ड : ८,०००

आता सगळ्या भागाकारांतले सर्वांत मोठे आठ उचला. ४८ हजार अ, ३० ब, २४ अ, १६ अ, १५ ब, १४ क, १२ अ, १० ब. आठ झाले. अ ला ४, ब ला ३, क ला १, ड ला काही नाही. आठव्या जागेचा भाव १०,००० निघाला आणि ड कडे होते ८,०००.

सेंट-लाग पद्धतीत फक्त भाजक बदलतात : १, ३, ५, ७.

अ : ४८,०००, १६,०००, ९,६००, ६,८५७
ब : ३०,०००, १०,०००, ६,०००
क : १४,०००, ४,६६७
ड : ८,०००, २,६६७

मोठे आठ : ४८ अ, ३० ब, १६ अ, १४ क, १० ब, ९.६ अ, ८ ड, ६.८५ अ. अ ला ४, ब ला २, क ला १, ड ला १. मतपेटीतली मतं तीच आहेत, तरी ब ची तिसरी जागा ड कडे गेली. भाजक झपाट्याने मोठे होत असल्याने दुसरी-तिसरी जागा महाग होते आणि लहान पक्षाची पहिली जागा त्या मानाने स्वस्त पडते.

हे गणित करताना मुलं एक चूक हमखास करतात. प्रत्येक जागा दिल्यावर मूळ मतांतून वजाबाकी करत बसतात. वजाबाकी कुठेच नाही, सगळे भागाकार मूळ मतांवरूनच करायचे.

स्पेन, बेल्जियम, पोर्तुगाल डोंट वापरतात, जर्मनी सेंट-लाग. स्वीडनमध्ये सेंट-लाग असली तरी पहिला भाजक १ ऐवजी १.२ आहे, म्हणजे अगदी छोट्या पक्षाची पहिली जागा थोडी महाग केलेली आहे. पण भाजकापेक्षा मोठा फरक मतदारसंघाच्या आकाराने पडतो. नेदरलँड्समध्ये सगळा देश १५० जागांचा एकच मतदारसंघ, तिथे ०.६७ टक्के मतांवरही एक जागा मिळते. स्पेनमध्ये पद्धत प्रमाणशीरच आहे, पण काही प्रांतांना दोन-तीनच जागा आहेत. तिथे १५ टक्के मतं घेणारा पक्षही बऱ्याचदा हात हलवत परततो. दोन जागांचं प्रमाण काढणार तरी कसं? व्याख्या पाठ केली तरी परीक्षकाला ही गोष्ट उत्तरात दिसली पाहिजे.

जर्मनीत मतदारसंघात पहिला आलेला उमेदवारही संसदेत जाऊ शकला नाही. हे कसं?
(वाचक, हिंगोली)

२०२५ मध्ये असे २३ जण होते. मतदाराला दोन मतं असतात : पहिलं २९९ मतदारसंघांतल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. जागांची एकूण वाटणी दुसऱ्या मतावर होते. पूर्वी एखादा पक्ष वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकला की जादा जागा त्याला ठेवू देत आणि समतोलासाठी बाकीच्यांनाही वाढवून देत. त्यामुळे मुळात ५९८ चं सभागृह २०२१ मध्ये ७३६ वर गेलं. २०२३ च्या सुधारणेने आकडा ६३० वर गोठवला. आता पक्षाला त्या राज्यात दुसऱ्या मतांवर जितक्या जागा मिळतात, त्याहून जास्त मतदारसंघ जिंकले तर सर्वांत कमी टक्केवारीने जिंकलेले बाहेर राहतात.

दुसरा उंबरठा ५ टक्क्यांचा आहे. तेवढी मतं देशभरात किंवा किमान तीन मतदारसंघ हवेत. २०२५ मध्ये बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडला आणि त्याला एकही जागा मिळाली नाही. हा पक्ष उंबरठ्यावर अडल्यामुळेच मेर्त्स यांच्या आघाडीला बहुमत मिळालं.

ग्रीसमध्ये मतं घटली आणि जागा वाढल्या?
(वाचक, देगलूर)

हो. मे २०२३ मध्ये न्यू डेमोक्रसी पक्षाला ४०.७९ टक्के मतं आणि ३०० पैकी १४६ जागा मिळाल्या, जूनमध्ये ४०.५६ टक्के आणि १५८ जागा. मधल्या महिन्याभरात निवडणुकीचा नियमच बदलला होता. ग्रीसमध्ये निवडणूक कायदा बदलला तर तो, दोन तृतीयांश बहुमत नसेल तेव्हा, पुढच्या नव्हे, त्यापुढच्या निवडणुकीपासून लागू होतो. मेची निवडणूक जुन्या सरकारने केलेल्या निव्वळ प्रमाणशीर कायद्याखाली झाली. जूनपासून पहिल्या पक्षाला वाढीव जागा देणारा कायदा लागू झाला. हे माहीत असल्याने पंतप्रधान मित्सोताकिस यांनी मेमध्ये आघाडी करण्याचा खटाटोपच केला नाही.

आयर्लंडमध्ये आपल्या पदवीधर मतदारसंघासारखं पसंतीक्रमाने मतदान होतं म्हणतात. दोन्हींत फरक काय?
(प्राध्यापक, उदगीर)

मूळ एकच, एकल संक्रमणीय मत. पदवीधर मतदारसंघात जागा एक असते, म्हणून कोटा वैध मतांच्या निम्मे अधिक एक. तो गाठला नाही की सर्वांत खालच्या उमेदवाराला बाद करत, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला देत जायचं. छत्रपती संभाजीनगरला मतमोजणी रात्रभर चालते ती या बाद फेऱ्यांमुळे.

आयर्लंडच्या सभागृहात १७४ सदस्य आणि ४३ मतदारसंघ आहेत, प्रत्येकात ३, ४ किंवा ५ जागा. जागा अनेक असल्याने तिथे जिंकलेल्याची जादा मतंही वाटावी लागतात. चार जागा आणि ५०,००० वैध मतं धरा. कोटा : ५०,००० भागिले ५, अधिक १, म्हणजे १०,००१. एवढी मतं चार जणांनाच मिळू शकतात, पाचव्याला नाही, म्हणून पाचने भागायचं.

समजा एका उमेदवाराला पहिल्याच फेरीत १२,५०१ मतं पडली. जादा २,५००. आता कोणत्या २,५०० पत्रिका पुढे द्यायच्या? आधी १२,५०१ च्या १२,५०१ पत्रिका पुढच्या पसंतीनुसार गठ्ठ्यांत लावतात. २,५०१ वर पुढची पसंतीच लिहिलेली नाही, त्या बाजूला. उरल्या १०,०००. यांतल्या चौथाई मतांना पुढे जायचं आहे. क्ष च्या गठ्ठ्यात ६,००० असतील तर १,५००, य च्या गठ्ठ्यात ३,००० असतील तर ७५०, झ च्या १,००० पैकी २५०.

आयर्लंडमध्ये गठ्ठ्याच्या वरच्या अखंड पत्रिका उचलून देतात. त्यांवरची तिसरी-चौथी पसंती खालच्या पत्रिकांपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून अटीतटीच्या जागेवर फेरमोजणीची मागणी होते. आपल्या राज्यसभेच्या मोजणीत एका मताचं मूल्य १०० धरून सगळ्या पत्रिका घटवलेल्या मूल्याने पुढे पाठवतात, तिथे हा नशिबाचा भाग उरत नाही. आपली रीत अधिक काटेकोर आहे, यात शंका नाही.

मतं बाद होण्याच्या बाबतीत मात्र आयर्लंड सैल आहे. आपल्याकडे निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचं, '१' हा आकडाच हवा. शब्दात 'एक' लिहिलं किंवा बरोबरची खूण केली, की पत्रिका बाद. पदवीधरांच्या मतदारसंघात बाद मतं हजारांत निघतात ती याच कारणांनी. आयर्लंडमध्ये शब्दात लिहिलेलं 'एक'सुद्धा चालतं, पहिली पसंती स्पष्ट कळली म्हणजे झालं. दोघांसमोर १ लिहिणं दोन्हीकडे घातक. आणि १, २ नंतर थेट ४ लिहिलं तर पत्रिका बाद होत नाही, पण दोननंतर तिचा प्रवास थांबतो.

मुलगी इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करते. भारतीय पासपोर्टवर तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, असं ती म्हणते. हे कायदेशीर आहे का? इथलं मत जाईल का?
(पालक, नांदेड)

ती बरोबर सांगते. ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, म्हणजे भारतीयांनाही, संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. वय १८ हवं. जर्मन किंवा फ्रेंच नागरिकाला तिथे हा हक्क नाही.

नाव आपोआप लागत नाही. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. राहण्याचा पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक विचारतात. हा क्रमांक नसेल तर कारण लिहायचं, मग स्थानिक परिषदेचं नोंदणी कार्यालय ओळखीची कागदपत्रं मागवतं. मुदत मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधीच्या मध्यरात्रीपर्यंत. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात अडीच आठवडे आधी काम उरकावं. विद्यार्थी हमखास अडकतात ते खोली बदलल्यावर, कारण जुन्या पत्त्याची नोंद नव्या मतदारसंघात चालत नाही.

मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे भारतीय पासपोर्ट पुरेसा आहे. विद्यापीठाचं ओळखपत्र मात्र चालत नाही. घरी येणारं मतदार कार्ड नेलं नाही तरी हरकत नाही. कागदी मतपत्रिका, एकाच नावापुढे फुली, बोटाला शाई नाही.

युरोपात इतरत्र राष्ट्रीय निवडणुकीत भारतीयांना मत नाही, पण स्थानिक निवडणुकीत काही ठिकाणी आहे : आयर्लंडमध्ये तिथे राहणाऱ्या कोणालाही, स्वीडनमध्ये तीन वर्षांच्या आणि नेदरलँड्समध्ये पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर.

इथल्या मताबद्दल : तिचं नाव नांदेडच्या यादीत असेल आणि ती मतदानाला गावी आली तर नेहमीसारखं मत देईल. यादीतून नाव निघालं असेल, तर परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठीचा नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात ते पुन्हा लावता येतं. तशी नोंद असलेल्यांनी केंद्रावर स्वतः येऊन मूळ पासपोर्ट दाखवायचा असतो. टपालाने किंवा ऑनलाइन मत देण्याची सोय त्यांच्यासाठी नाही.